नसीमाबाईंचे शेपटीचे पत्ते

शाळेच्या वेळात फोन वाजला की मला धडकी भरते. मी शिकवतेय हे घरच्यांना माहीत असतं, चांगली बातमी सांगायला त्या वेळी कुणी फोन करत नाही. त्या दिवशी परिपाठ नुकताच संपला होता, मुलं रांगेनं वर्गात जात होती आणि पर्समधला फोन थरथरायला लागला. नसीमाबाईंची सून होती. "सुमनमॅडम, अम्मी गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि पुढचं तिला बोलवेना. खरं सांगते, पहिल्यांदा मला दुःख झालं नाही. मला भीती वाटली. गेली अकरा-बारा वर्षं एक गोष्ट त्यांना सांगायची मी पुढे ढकलत होते, ती आता कधीच सांगता येणार नव्हती...

आगरदांड्याहून पलीकडे दिघीला, नसीमाबाईंच्या गावी, जायला फेरीबोट आहे. मी मूळची पालीजवळच्या भातशेतीच्या गावातली, पाण्यापासून लांब वाढलेली. इतकी वर्षं या किनाऱ्यावर काढली तरी बोटीत पाय ठेवताना माझ्या तळव्यांना घाम सुटतो. नसीमाबाई मात्र तीसेक वर्षं त्याच खाडीतून रोज येऊन-जाऊन शिकवत होत्या. त्या दिवशी मी कठडा घट्ट धरून ती खाडी ओलांडली. पोहोचले तेव्हा जनाजा निघायचा होता. बायकांच्या खोलीत मला वाट करून दिली. पांढऱ्या कफनात त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मी हात जोडले आणि मनातल्या मनात बोलायचा प्रयत्न केला, पण तिथंही शब्द फुटला नाही.

मी या शाळेत रुजू झाले तेव्हा शिक्षणसेवक होते. तीन वर्षं नीट काढली तर कायम, नाहीतर घरी. दोनशिक्षकी शाळा, दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यासमोर उतार संपला की खाडी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी नसीमाबाईंकडे. भाषेचा तास मात्र मी चौथीलाही घेत असे. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची आणि मला धाकट्या बाई. नसीमाबाई उंच, सावळ्या, डोक्यावरून पदर, चालणं एकदम तडफदार. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवलीस का गो?" मी जेवले नव्हते, पण "हो" म्हणाले. त्यांनी डबा उघडला, तांदळाची भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "इथं घाबरून उपाशी राहायचं नाही. पोरांना लगेच वास लागतो."

चौथीत तन्वी होती. कोळीवाड्यातली, बारीक, केसांना तेल चोपडलेलं. तिला 'घर', 'बोट', 'मासा' वाचता यायचं. पण शब्द जरा लांब झाला, मध्ये जोडाक्षर आलं, मागे दोन-तीन प्रत्यय लागले, की तिची जीभ टाळूला चिकटायची. पहिलं अक्षर बघून ती अंदाज ठोकायची. एकदा धड्यात 'दीपस्तंभाजवळच्या' असा शब्द आला. तिनं 'दी' वाचलं, 'प' वाचलं आणि म्हणाली, "दीपक!" वर्गात दीपक नावाचा मुलगा होता. सगळे खो-खो हसले. त्या वेळी वाचन तपासायला साहेब येणार अशी सूचना आली होती आणि मी घाबरलेली होते. मी तिला उभं केलं. "पुन्हा वाच." ती रडायला लागली. "रडायचं नाही, पुन्हा." किती वेळा वाचायला लावलं ते मी मोजलं नाही. तिचे पाय लटपटत होते ते मला दिसत होते. मी थांबले नाही. माणूस आपली भीती लहानांवर काढतो, तेच त्या दिवशी मी केलं, आणि तेव्हा त्यालाच मी शिकवणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी तन्वी शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत तिची आई मासळीची टोपली घेऊन ओट्यापाशी आली आणि सहज म्हणाली, "पोरीला जरा लवकर सोडा." "ती आज आलीच नाही," मी म्हणाले. पोरगी दप्तर घेऊन सकाळीच घरातून निघाली होती. आईच्या हातातली टोपली खाली पडली. मला अजून तो आवाज ऐकू येतो. मग सगळे धावले. कुणी जेटीकडे, कुणी बाजारात, कुणी देवळामागे. भरती चढत होती. पाणी उताराच्या पायथ्याशी आलं होतं आणि प्रत्येक हाकेनंतर जी शांतता व्हायची ती मला सहन होत नव्हती. मी नुसती नसीमाबाईंच्या मागे धावत होते. मनात एकच चालू होतं, काय केलंस तू, काय केलंस...

खाडीच्या कडेला तिवरांची दाट झाडी आहे. तिच्या आत चिखलात एक मोडकी होडी कित्येक वर्षं रुतून पडली होती. नसीमाबाईंना तिच्यात काहीतरी निळं दिसलं. शाळेच्या गणवेशाचा निळा. तन्वी होडीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चारी बाजूंनी पाणी आलं होतं, होडीच्या फटींतून आत शिरत होतं. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. मी काठावर थिजले, माझं पाऊल उचलेना. नसीमाबाईंनी साडी खोचली आणि त्या सरळ चिखलात उतरल्या. गुडघे, मग मांड्या, मग कमरेपर्यंत पाणी. मला वाटलं त्या ओरडतील, निदान तिचा हात ओढतील. त्या होडीपाशी पोहोचल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तन्वी, बाय, आधी ते पुस्तक दे माझ्याकडं."

तन्वीनं पुस्तक दिलं. त्यांनी ते डोक्यावर धरलं आणि दुसऱ्या हातानं तिला कडेवर घेतलं. काठावर आल्यावर पोर माझ्याकडे बघून त्यांच्या खांद्यात शिरली आणि म्हणाली, "मना न्हाय वाचाला जमत. धाकल्या बाई मना परत उभी करतील." तिच्या आईनं ते ऐकलं. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठवडाभर नसीमाबाईंनी तन्वीला पुस्तक उघडायला लावलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत मुलं ओट्यावर गुलामचोर खेळायची, कोपरे झिजलेला एक जुना जोड होता त्यांच्याकडे. एक दिवस नसीमाबाईंनी मला खिडकीशी बोलावलं. "बघ तिच्याकडं. कुणाच्या हातात कोणतं पान आहे ते सगळं तिच्या ध्यानात आहे. या पोरीचं डोकं चालतं गो. फक्त लांब शब्द तिच्या अंगावर येतो, सगळाच्या सगळा. तो तुकड्यानं तिच्या हातात दिला तर?"

त्यांनी गावातून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. लग्नाच्या, निकाहच्या, साखरपुड्याच्या. जाड कागद, मागची बाजू कोरी. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसून त्यांचे पत्ते कापायचो. पांढऱ्या पानांवर मूळ शब्द लिहिले: समुद्र, किनारा, मासळी, बाजार, वादळ. लाल कडेच्या पानांवर शेपट्या: ला, साठी, वर, पासून, कडून, च्या. आणि यात त्यांनी एक गंमत केली होती, ती मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. पानाच्या एका बाजूला 'किनारा' लिहिलं होतं आणि उलट बाजूला 'किनाऱ्या'. शेपटी जोडायची असेल तर आधी पान उलटायचं. "शब्द शेपटी लावून घेताना जरा वाकतो," त्या मुलांना सांगायच्या, "म्हणून तो ओळखू येत नाही. उलटून बघा, तोच आहे."

प्रत्येकाला पाच पानं, बाकीचा गठ्ठा मध्ये. आपली पाळी आली की एक पान उचलायचं आणि आपल्यापुढच्या ओळीत जोडायचं. आधी बोट ठेवून तुकड्यातुकड्यानं वाचायचं, मग सगळं एका दमात. कुणाला शंका आली तर त्यानं विचारायचं, "असा शब्द हाय का?" नसला तर पान परत. ज्याचा शब्द सगळ्यांत लांब आणि खरा, त्याचा डाव. 'समुद्रकिनाऱ्यावरच्या' हा शब्द पहिल्यांदा जमला तेव्हा पोरांनी एवढा ओरडा केला की शेजारच्या घरातली म्हातारी बघायला आली.

तन्वी पहिले कित्येक दिवस खेळायलाच बसेना. लांबून बघायची. नसीमाबाईंनी तिला पत्ते पिसायचं आणि वाटायचं काम दिलं. वाटता वाटता तिची नजर पानांवर पडायची, ओठ हलायचे. दिवाळीनंतर एकदा तिनं स्वतःला पाच पानं वाटून घेतली. कुणीच काही बोललं नाही. मी दारात उभी होते. मी आत आले तर ती उठून जाईल म्हणून आले नाही. ती लगेच फडाफड वाचायला लागली असं मुळीच झालं नाही. कधी दोन तुकडे जमायचे, तिसऱ्याला पान टाकून द्यायची. शिमगा येईपर्यंत हे असंच चाललं होतं. मीही हळूहळू त्यांच्यात बसायला लागले होते. तन्वी माझ्या शेजारी बसत नसे, एवढंच.

आणि तेव्हाच शिक्षण खात्याकडे तक्रारीचा अर्ज गेला. निनावी होता. 'शाळेत शिक्षिका मुलांना घेऊन पत्ते कुटतात' असं त्यात लिहिलं होतं. नसीमाबाईंचं नाव होतं, माझं नव्हतं, पण 'शिक्षिका' या शब्दात मीही येत होते. माझं तिसरं वर्ष चालू होतं, कायम होण्याची फाइल वर गेली होती. चौकशीला साहेब येणार कळल्यापासून मी सारखी रस्त्याकडे बघत होते. नसीमाबाई मात्र नेहमीसारख्या आल्या, फळ्यावर तारीख लिहिली, हजेरी घेतली. मला वाटलं, या बाईला भीती नावाचा अवयवच दिलेला नाही.

साहेब आले ते नसीमाबाईंच्या वर्गातच बसले. दारात पाच-सहा गावकरी उभे राहिले. मुलं खाली बसली होती. साहेबांनी अर्ज वाचून दाखवला आणि कोणास ठाऊक का, पहिला प्रश्न मला विचारला. "मॅडम, तुम्हीही मुलांबरोबर पत्ते खेळता?"

आदल्या दिवशीच मी खेळले होते. समोर बसलेल्या वीस मुलांपैकी चौघांबरोबर. मी म्हणाले, "नाही साहेब. मी पलीकडच्या वर्गात असते. इथं काय चालतं ते मला... मला नीटसं माहीत नाही."

मुलांच्या माना वर झाल्या. मी फळ्याकडे बघत राहिले. नसीमाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कपाटाकडे गेल्या, पत्त्यांचा डबा काढला आणि म्हणाल्या, "साहेब, कागदावर खूप झालं. एक डाव बघा आणि मग काय ते लिहा."

त्यांनी चार मुलांना बसवलं. त्यांत तन्वीला घेतलं. मला वाटलं, हे काय करताहेत, हिला कशाला? दारात तिची आईही येऊन उभी होती. डाव सुरू झाला. दोघांचे शब्द छोटे झाले, एकाचा चुकला. तन्वीनं 'मासळी' ठेवलं, त्याला 'बाजार' लावलं. मग 'वाले' उचललं, उलटलं, 'वाल्यां' जोडलं आणि शेवटी लाल कडेचं 'कडून' ठेवलं. एवढा लांब शब्द त्या खेळात कुणी केला नव्हता. आता वाचायचा होता. "मासळी..." तिचं बोट पुढे सरकलं. "बाजार..." आणि ती अडली. ओठ पांढरे पडले, पाय हलायला लागले. मला ते पाय माहीत होते. साहेब मदत करायला पुढे वाकले तसा नसीमाबाईंनी तळवा वर केला. बाहेर कुठल्यातरी होडीचं इंजिन धडधडत होतं, ते थांबेपर्यंत आम्ही सगळे तसेच. मी मनात म्हणत होते, सांगा हो तिला, कुणीतरी सांगा, नाहीतर पुन्हा जाईल ती त्या तिवरांत...

"वाल्यां," तन्वी म्हणाली. "कडून." मग तिनं मोठा श्वास घेतला. "मासळीबाजारवाल्यांकडून!"

तिची आई दारातच मटकन खाली बसली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी स्वतःच पाच पानं मागितली, जरा वेळ निरखली आणि 'समुद्र'ला 'पणा' जोडून बघितलं. तन्वी लगेच म्हणाली, "साहेब, असा शब्द न्हाय." दारातला एक गावकरी मोठ्यानं हसला. अर्ज त्यानंच केला होता असं नंतर बोललं गेलं. खरंखोटं मला माहीत नाही. जाताना साहेब म्हणाले, "बाई, 'पत्ते' म्हणू नका एवढंच. 'शब्दपट्ट्या' म्हणा." आणि वर दाखवायला म्हणून तो सगळा जोड घेऊन गेले. तो परत आला नाही. आम्ही पुन्हा लग्नपत्रिका गोळा केल्या.

मी कायम झाले. पुढे नसीमाबाई निवृत्त झाल्या. त्या एका वाक्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत आणि त्या गप्प राहिल्या म्हणूनच मला जास्त भीती वाटायची. दर ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेताना वाटायचं, आज विचारतील. कधीच विचारलं नाही.

त्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला. शेवटची भेटले ती त्या जाण्याच्या दीड-दोन महिने आधी. पलंगावर पडून होत्या, हाताच्या शिरा काळ्यानिळ्या. मी मनाशी ठरवून गेले होते. म्हणाले, "नसीमाबाई, ते साहेब आले होते, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी?" त्या हसल्या. "अगो, त्या दिवशी सकाळी बोटीत मला ओकारी झाली होती. इतकी वर्षं खाडी ओलांडली, पाण्यानं कधी झाली नाही. भीतीनं झाली. घरून भाईजान, माझे थोरले भाऊ, वेगळेच रागावलेले. म्हणाले, पत्ते या घरात आले तर मी इथलं पाणी पिणार नाही. म्हणून तर मी ते शाळेतच कापायचे. नोकरी गेली असती तर घरच्यांनी म्हटलं असतं, बघ, सांगितलं होतं."

मी थक्क झाले. "पण तुम्ही तर... तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं."

"पदर होता ना," त्या म्हणाल्या, "त्याच्याखाली हात थरथरत होते."

मला माझं वाक्य पुरं करायचं होतं. तेवढ्यात सून औषध घेऊन आली, त्यांना कूस बदलायची होती, परतीच्या बोटीची वेळ होत आली होती. मी म्हणाले, पुढच्या खेपेला येईन तेव्हा निवांत बोलू. त्यांनी माझा हात दाबला. पुढची खेप झाली ती जनाज्याच्या दिवशी.

गेल्या आठवड्यात शाळेत त्यांची शोकसभा झाली. गाव जमलं होतं, पलीकडून त्यांचे मुलगा-सूनही आले होते. दोन शब्द बोला म्हणून मला उभं केलं. मी लिहून नेलेला कागद हातात धरला आणि तो वाचताच येईना. अक्षरं दिसत होती, शब्द होत नव्हते. शेवटी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मीही पत्ते खेळत होते. मी बाईंना एकटं पाडलं." एवढंच बोलले. टाळ्या नाहीत, काही नाही. खाली बसताना वाटलं, आता लोक उठून जातील.

कुणी उठलं नाही. सभा संपल्यावर एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. मी तिला लगेच ओळखलं नाही. तन्वी होती. मुरूडला एका रिसॉर्टच्या काउंटरवर काम करते, पाहुण्यांची नावंगावं लिहून घेते. "बाई," ती म्हणाली, "आम्हाला ते तेव्हाच माहीत होतं. आम्ही समोरच तर बसलो होतो."

ती सांगत राहिली. "साहेब गेले, तुम्ही पलीकडच्या वर्गात गेलात, तेव्हा दीपक म्हणाला, धाकट्या बाई खोटं बोलल्या. सगळे हसायला लागले. मोठ्या बाई म्हणाल्या, खोटं नाही बोलल्या रे, अडल्या. तन्वी अडते ना, तशा. अडलेल्याला हसायचं नाही आणि त्याच्यासाठी आपण बोलायचंही नाही. उद्या त्यांना डावात घ्या."

तेव्हा आठवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी मला ओढतच डावात नेलं होतं. आणि तन्वी, जी कधी माझ्या शेजारी बसत नसे, त्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसली होती. मला वाटलं होतं, पोरांना काही कळलंच नाही, सुटले मी. इतकी वर्षं मी तेच समजत होते.

लोक गेले. मी खोली बंद करायला आत आले. नसीमाबाई खेळताना जमिनीवर बसायच्या, खिडकीखालच्या भिंतीला टेकून. तिथं त्यांच्या पाठीनं आणि तेलकट केसांनी भिंतीवर एक तपकिरी डाग पडला आहे. दोनदा रंग दिला तरी तो पुन्हा वर आला. मी तिथं कधी बसले नव्हते. सोमवारी मधल्या सुट्टीत बसले. तिसरीतल्या एका मुलीनं पत्ते पिसले, माझ्याकडे जरा संशयानं बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमालाबी वाटू?"

"वाट," मी म्हणाले.